बुडखा काढायचा म्हणजे

झाड तोडायला अर्धा दिवस पुरतो. दोन-तीन गडी, एक दोरखंड, एक पेट्रोलवरची करवत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत फांद्या टेम्पोत आणि ओंडके वखारीच्या वाटेला लागलेले असतात. मागं उरतो तो बुडखा. तोडणाऱ्यांशी ठरवलेल्या रकमेत तो बहुतेक वेळा धरलेलाच नसतो. "ते काम वेगळं, त्याचं वेगळं बघू," असं म्हणून मंडळी निघून जातात, आणि तो ठोकळा येणाजाणाऱ्याच्या पायाला ठेचा देत अंगणात वर्षानुवर्षं बसून राहतो. मग कोणी त्याच्यावर कुंडी ठेवतं, कोणी कपडे धुतं, कोणी मीठ ओततं.

मीठ ओतण्याआधी एक गोष्ट पाहायला हवी: बुडखा जिवंत आहे की मेलेला? कारण झाड कापलं म्हणजे ते मेलं, असं नव्हे. झाडाचा बराचसा संसार जमिनीखाली असतो. पानांनी वर्षभर केलेल्या साखरेचा शिल्लक साठा पिष्टाच्या रूपात मुळांत आणि बुंध्याच्या तळाशी पडून असतो. सालीखाली सुप्त कळ्या असतात. वरचा शेंडा शाबूत असतो तोवर त्या दबून राहतात. शेंडा गेला की दबाव गेला. साठ्यातलं पिष्ट साखर होऊन वर चढतं आणि महिन्याभरात बुडख्याच्या कडेनं कोंबांचा झुपका उठतो. वनखात्याच्या रोपवाटिकांचं तर यावरच चालतं. सागाची लागवड पुष्कळदा 'जडी' लावून करतात. जडी म्हणजे वीतभर सोटमूळ आणि त्यावर बोटाच्या पेराएवढं खोड. पान एकही नाही, बारीक मुळंही छाटलेली. वाळक्या काडीसारखी दिसणारी ही वस्तू पहिल्या पावसात भोकात खोचली की साग उभा राहतो. थोडक्यात, जडी हा लहानसा बुडखाच असतो आणि तो मुद्दाम लावलेला असतो.

तेव्हा बुडखा काढायचा कसा, हे हाती कोणतं अवजार आहे यावर फारसं ठरत नाही. झाड कोणतं होतं आणि जमीन कोणती आहे, यावर ठरतं.

सुबाभूळ घ्या. मूळची मेक्सिकोकडची. 1970च्या पुढं उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या 'बाएफ' संस्थेनं चारा आणि सरपणासाठी तिचा मोठा प्रसार केला. ती चाऱ्याला उत्तम ठरली याचं कारणच हे की कितीही कापा, ती पुन्हा फुटते. शेतकऱ्याला हवा असलेला हाच गुण बंगल्याच्या कुंपणात डोकेदुखी होतो. निलगिरीचंही तसंच, कागद गिरण्यांसाठी लावलेल्या निलगिरीच्या एकाच बुडख्यावरून दोन-तीन वेळा पीक घेतात. गिरीपुष्प, साग, चिंच, जांभूळ हीसुद्धा बुडख्यातून फुटणारी.

दुसरा वर्ग जास्त चकवणारा. यांचे कोंब बुडख्याजवळ येत नाहीत, मुळांवर येतात. परसातला कढीपत्ता सगळ्यांच्या ओळखीचा. मूळ झाडापासून चार-पाच फुटांवर, फरशीच्या सांधीतून अचानक कढीपत्त्याची पोरं डोकं वर काढतात. बुचाचं झाड, बेल, काही वेळा कडूनिंबही याच जातीचे. यांच्यावर कुदळ चालवली तर मुळाच्या प्रत्येक जखमेपाशी नवा कोंब येण्याची शक्यता वाढते. बुडखा मोठ्या हौसेनं उपटला आणि पुढच्या पावसाळ्यात अंगणभर बुचाची बाळं उगवली, असं झालं तर नवल मानू नये. इथं खणण्यापेक्षा कोंब दिसला की मोडणं, आणि ते चिकाटीनं करत राहणं, हाच उपाय. प्रत्येक कोंब मुळातल्या साठ्यातून खर्च करून आलेला असतो. त्याला हिरवं पान धरून कमाई करायची संधीच दिली नाही, तर वर्ष-दोन वर्षांत खातं रिकामं होतं.

शेवगा, पांगारा, काटेसावर यांची लाकडं इतकी मऊ की त्यांच्यासाठी घाम गाळू नये. कोंब तेवढे मोडत राहा. बाकीचं पावसाळे बघून घेतात.

आणि मग नारळ. कोकणात, गोव्यात परसातून काढायचं झाड बऱ्याचदा हेच असतं आणि त्याची तऱ्हाच निराळी. नारळाला सोटमूळ नसतं. बुडाच्या फुगवट्यातून बोटाएवढ्या जाडीची हजारो मुळं निघतात आणि चहूकडे पसरतात. त्यांतलं एकही फारसं जाड होत नाही. वाढीचा कोंब सगळ्या झाडात एकच, तो शेंड्यात. तो गेला की नारळ मेला. बुडखा पुन्हा फुटेल ही भीती नाही. म्हणून लोक निर्धास्त होतात आणि दोन हात उंचीचं खोड तसंच सोडून देतात. चूक नेमकी इथं होते. नारळाचं कुजतं खोड हे गेंड्या भुंग्याचं आवडतं बाळंतघर. काळा, चकचकीत, नाकावर शिंग असलेला हा भुंगा शेणखताच्या उकिरड्यात आणि कुजलेल्या माडात अंडी घालतो. पांढऱ्या, जाड, कमानीसारख्या वाकलेल्या अळ्या आतला भुसा खात वाढतात. पूर्ण वाढ झालेला भुंगा मात्र शेजारच्या जित्या माडाच्या सुरळीत शिरतो. न उघडलेली पानं तो घडीतच कुरतडतो, त्यामुळं ती उघडतात तेव्हा कात्रीनं त्रिकोण कापल्यासारखी दिसतात. असे त्रिकोण दिसले की औषध शोधण्याआधी आजूबाजूला मेलेल्या माडाचं खोड कुठं पडलंय का ते बघावं. दुसरं दुखणं गॅनोडर्मा बुरशीचं. माड जर या रोगानं मेला असेल तर बुरशी बुडख्यात आणि मुळांत टिकते आणि मुळांवाटे पुढच्या माडाकडे सरकते. म्हणून अशा माडाचा बुडखा मुळांसकट खणून जाळतात आणि भोवती चर काढून मातीचा संबंध तोडतात. नारळाचा बुडखा खणणं त्यामानानं सोपं असतं. बारीक मुळं धारदार कोयत्यानं सपासप तुटतात. वेळ खातो तो फक्त मधला गड्डा.

आंबा, फणस, चिंच यांचं तसं नाही. तिथं खरा मल्लखांब. पण मुळांबद्दल एक गैरसमज आधी दूर करायला हवा. वर जेवढं झाड तेवढंच खाली, असं चित्र आपण मनात धरतो. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांच्या मातीत असतात आणि आडवी, पानांच्या घेराच्या कितीतरी बाहेरपर्यंत गेलेली असतात. हवा आणि पाणी तिथंच मिळतं. कोकणात जांभ्यावर हातभर माती असते, तिथं तर खाली जायला जागाच नसते. एखादं मूळ जांभ्याच्या भेगेत घुसतं तेवढंच. म्हणजे लढाई खोलीशी कमी आणि आडव्या मुळांशी जास्त. सगळी मुळं काढायची गरज कधीच नसते. बुंध्याभोवतीची मनगटाएवढी जाड मुळं तोडली की गड्डा सुटतो. बारीक मुळं जमिनीत राहू द्यावीत, ती कुजून मातीलाच मिळतात.

या कामात मुरलेला माणूस पहिला वाद घालतो तो झाड तोडणाऱ्याशी. "जमिनीलगत कापू नका हो दादा, कमरेएवढा ठेवा. मग ओढायचं काय धरून?" हे शहाणपण लाखमोलाचं. बुंधा तीन-चार फूट राखला की तोच तरफेचा दांडा होतो. जमिनीसपाट कापला की हाताशी काही उरत नाही. पुढचं काम असं चालतं. बुंध्यापासून दोन-अडीच फुटांवर गोल चर घ्यायचा. माती टिकावानं मोकळी करायची आणि मूळ दिसलं की पाण्याचा जोरदार फवारा मारून ते धुऊन काढायचं. ही पायरी लोक टाळतात आणि मग कुऱ्हाडीची धार मातीतल्या खड्यांवर घालवतात. धुतलेल्या मुळाच्या खालचीही माती काढून पोकळी केली की घाव नीट बसतो. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी तोडायचं आणि मधला तुकडा काढून टाकायचा, म्हणजे हालवायला जागा होते. चांगली कुऱ्हाड या कामाला कोणी देत नाही. जुनी, झिजलेली ठेवणीत असते ती. चहूकडची मुळं तुटली की बुंध्याला चेनपुली लावून ताण द्यायचा, एकानं पहारीनं उचकटायचं, ताण सोडायचा, उलट बाजूनं पुन्हा. तळातलं उभं मूळ तुटतं तेव्हा जमिनीतून जाड दोर तुटल्यासारखा आवाज येतो आणि सगळे न सांगता मागं सरकतात. चेनपुलीचं दुसरं टोक कशाला बांधायचं, हा प्रश्न आधी सोडवावा. घराचा खांब नको, कुंपणाची भिंत नको, शेजारचं कोवळं झाडही नको. आणि ताण दिलेल्या साखळीच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, कोणी काहीही सांगो.

खणायला घेण्याआधी त्या जागेखालून काय गेलंय ते माहीत हवं. नळाची लाइन, विजेची केबल, शहरात गॅसची नळी, जुन्या घरात सेप्टिक टँक. ड्रेनेजच्या जुन्या चिनीमातीच्या पाइपांत मुळं शिरलेली सापडतात, तेव्हा मुळांना नाहक दोष दिला जातो. मूळ सहसा धड पाइप फोडत नाही. सांध्यातून पाणी पाझरत असतं, त्या ओलीचा माग काढत ते आत जातं आणि मग फुगतं. मुळं काढून सांधा तसाच ठेवला तर दुसऱ्या झाडाची मुळं येतात.

जेसीबी आणता येत असेल तर तासाभरात काम संपतं. मात्र तो फाटकातून आत यायला हवा, आणि बुडख्यासोबत बागेची घडीही विस्कटते. बांबूच्या जुन्या बेटाला मात्र मी विचार न करता जेसीबीच सांगेन. तिथं खाली कंदांचं असं जाळं असतं की कुदळ टणकन उडून परत येते. पाश्चात्त्य देशांत सर्रास वापरतात ते बुडखा दळण्याचं यंत्र आपल्याकडं अजून क्वचित दिसतं. फिरत्या चाकावर कठीण धातूचे दात, ते बुडखा किसत जमिनीखाली वीत-दीड वीत जातात. मुळं खालीच राहतात. उरतो तो भुशाचा ढीग. हा भुसा खड्ड्यात भरून त्यावर लगेच गुलाब लावण्याचा मोह आवरावा. लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र नाममात्र. ते कुजवणारे सूक्ष्मजीव आपली नत्राची गरज भोवतालच्या मातीतून भागवतात आणि वरची रोपं पिवळी पडतात. भुसा वेगळा काढून शेण किंवा हिरव्या पाल्याबरोबर कुजवावा.

घाई नसेल तर सगळ्यांत स्वस्त मजूर म्हणजे बुरशी. लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन फोडण्याची ताकद मुख्यतः काही बुरशींकडे असते. त्यांनी पोखरलेलं लाकूड पांढरट, तंतुमय होतं. त्यांना लागतं काय? ओल, हवा आणि थोडं नत्र. लाकडातलं पाणी वजनाच्या 20 टक्क्यांच्या खाली गेलं की बुरशी थांबते, म्हणून उन्हात वाळणारा बुडखा वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्याला जमिनीसपाट कापावं, गिरमिटानं खोल भोकं पाडावीत, त्यांत युरियाचं पाणी किंवा शेणकाला भरावा आणि वर माती, पालापाचोळा, गोणपाट घालून ओलं ठेवावं. चाणक्य पायाला बोचलेल्या दर्भाची मुळं खणून त्यांत ताक ओतत होता, ही दंतकथा आपण लहानपणी ऐकलेली असते. बुडख्यावर ताक ओतणारी माणसं अजूनही आहेत. ताकानं बुडखा मरत नाही, ओल आणि पोषण थोडंफार मिळत असेल इतकंच. मुद्दाम धिंगरी अळंबीचं बियाणं ताज्या बुडख्याच्या भोकांत भरता येतं. तीही लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचीच जात. पण बुडख्यावर आपसूक उगवलेली छत्री ओळखीशिवाय तोंडात घालू नये.

दुसरा फुकटचा मजूर वाळवी. ती बुडखा आतून फस्त करते, आणि तिच्यातल्या काही जाती तो चावलेला भुसा वारुळात नेऊन त्यावर बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी, गोव्यात जिला रोण ओलमी म्हणतात, ती याच शेतीतून वर येते. बांधावरचा बुडखा वाळवीनं खाल्ला तर आनंद आहे. घराच्या भिंतीला लागून असलेला बुडखा मात्र तिच्या भरवशावर सोडू नये. तो संपला की ती चौकटीकडं वळते.

जाळण्याचा मार्ग शेतात चालतो. बुडख्याभोवती गोवऱ्या रचून, वर भुसा टाकून दोन-तीन दिवस धुमसत ठेवतात. वस्तीत हे करू नये. आग कोरड्या मुळातून जमिनीखाली सरकत जाते आणि भलत्याच ठिकाणी, भलत्याच दिवशी धूर निघतो.

आता विषाकडं. हिंग, पारा, मोरचूद, आम्ल, रॉकेल, मीठ अशी घरगुती यादी लांबलचक आहे. खोडाला भोक पाडून हिंग भरला की झाड मरतं, हे गावोगाव छातीठोकपणे सांगतात. अशा प्रयोगांत बऱ्याचदा भोकानं आणि त्यातून शिरलेल्या कुजीनं जे होतं त्याचं श्रेय हिंगाला जातं. मिठानं आणि मोरचुदानं बुडखा मरेल तेव्हा मरेल, माती आधी मरते. ग्लायफोसेटसारखं तणनाशक जिवंत बुडख्यावर काम करतं, पण कापल्यानंतर काही मिनिटांतच आणि तेही सालीच्या आतल्या कडेवर लावलं तर. मधल्या गाभ्यावर ओतणं म्हणजे बाटली वाया. 2022 साली केंद्र सरकारनं आदेश काढून या औषधाची फवारणी कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती मर्यादित केली होती, हेही ध्यानात असावं. धोका आणखी एक. एकाच जातीच्या शेजारी झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांना जुळलेली असू शकतात. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षाचा एकही पान नसलेला बुडखा शेजाऱ्यांच्या मुळांतून पाणी घेत जिवंत असल्याचं संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं. ज्या वाटेनं पाणी येतं त्याच वाटेनं विष जाऊ शकतं. ओळीनं लावलेल्या झाडांतलं एकच मारायचं असेल तर हा डाव खेळू नये.

जुनी, बिनविषाची रीत म्हणजे उभ्या झाडाची साल गोल पट्ट्यात काढणं. पानांतली साखर सालीतून खाली उतरते. ती वाट तुटली की मुळं आपला साठा खाऊन उपाशी मरतात आणि नंतरच्या बुडख्यात फुटण्याची ताकद फारशी उरत नाही. ब्रिटिश अमदानीत ब्रह्मदेशात साग असाच सोलून दोन-तीन वर्षं उभा वाळवत. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला नदीतून वाहवत आणता येतो. परंतु आपल्या शहरांत हे परवानगीशिवाय करता येत नाही. महाराष्ट्राच्या 1975च्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायद्यात झाड जाळणं, तोडणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं 'तोडणं'च धरलेलं आहे. रात्री हिंग भरणाराही त्यातून सुटत नाही. 2021च्या दुरुस्तीनं 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचं वेगळं संरक्षण दिलं. झाड आपल्या आवारातलं असलं तरी अर्ज करायचाच.

भिंतीतला पिंपळ हा स्वतंत्र विषय आहे. पक्ष्याच्या विष्ठेतून बी वाड्याच्या किंवा गडाच्या तटाच्या सांध्यात पडतं. दरवर्षी वरचा पाला छाटला जातो, आत मूळ मात्र मांडीएवढं होतं. इथं उपटणं सर्वांत वाईट. मूळ निघतं ते चार दगड घेऊनच. आधी मूळ जागेवर मरू द्यावं, मग सांधा सोडवून ते तुकड्या-तुकड्यानं काढावं आणि पोकळी चुन्यानं भरावी. पिंपळ-उंबराला हात लावायला गडी नकार देतात, तोही हिशोबात धरावा.

वादळात मुळांसकट आडवं झालेलं झाड दिसायला सोपं वाटतं, पण धोक्याचं असतं. उचकटलेला मुळांचा गड्डा खोडाच्या वजनानं तोल धरून असतो. खोड कापलं की तो गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात उतरून कोणी काम करू नये, मुलांना तर तिथं फिरकूही देऊ नये.

बुडखा निघाल्यावरचा खड्डा लोक एका दिवसात बुजवून मोकळे होतात. तो थराथरानं भरायला हवा: वीतभर माती, पाणी, धुम्मस, पुन्हा माती. तरी राहिलेली मुळं कुजतील तशी जमीन खचतेच, म्हणून त्यावर लगेच पेव्हर ब्लॉक बसवू नयेत. काळ्या मातीत आणखी एक भानगड आहे. सोलापूर, मराठवाडा, विदर्भाकडची ही माती ओलीनं फुगते आणि सुकली की आकसते. मोठं झाड वर्षानुवर्षं घराजवळची ओल शोषून घेत असतं आणि माती आकसलेल्या स्थितीत स्थिरावलेली असते. झाड गेलं की ओल परत येते, माती फुगते आणि हलक्या पायाच्या घराची फरशी वर उचलली जाते, भिंतींना तिरप्या भेगा पडतात. हे एका पावसाळ्यात होत नाही. दोन-चार वर्षं चालतं. तेव्हा काळ्या रानातल्या जुन्या घराला चिकटून मोठी चिंच असेल तर ती काढण्याआधी गवंड्यापेक्षा इंजिनियरला विचारावं. उलट झाड ठेवायचं असेल आणि फक्त फरशी उचलणारं मूळ छाटायचं असेल, तर बुंध्याच्या जाडीच्या तिपटीपेक्षा जवळ कुऱ्हाड नेऊ नये. दीड फूट जाडीचं झाड असेल तर निदान साडेचार फूट लांब, आणि तेही एकाच बाजूचं. दोन्ही बाजूंची मुळं तोडलेलं झाड पहिल्या वादळात कुणाच्या छपरावर येईल ते सांगता येत नाही.

त्याच जागी नवं झाड लावायचं असेल तर चार-पाच फूट सरकून खड्डा घ्यावा, आणि जुनं झाड मूळकुजीनं मेलेलं असेल तर जातही बदलावी.